दोन घासांत भरणारं पोट

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा सुनेच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. दिवसभर कारखान्यात गणवेशांना कॉलर लावून मान आखडलेली, घरी येऊन उभ्या उभ्या स्वयंपाक केलेला. आणि म्हाताऱ्यानं खाल्लं किती, तर चिमणीएवढं.

"पोट भरलं," ते म्हणाले. ऑपरेशनपासून त्यांचा आवाज बसला होता. फाटक्या भात्यातून निघाल्यासारखे शब्द यायचे.

"दोन घासांत?"

"भरलं तर भरलं."

सासऱ्यांनी जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेली. खाणंही तसंच, दांडगं. पण अन्ननलिकेतली गाठ काढली, जखम भरली, तरी जेवण काही वाढेना. नवरा जहाजावर. फोनवर म्हणायचा, "आईच्या हातची सवय आहे गं त्यांना." हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. मेलेल्या सासूशी बरोबरी कोण करणार? ती मुकाट्यानं उरलेलं झाकून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी डब्यात नेई.

एका रविवारी सकाळी ते मोरीत ओकले. ती पाणी ओतायला गेली आणि तिथंच थबकली. वाटाणे होते. अख्खे. वाटाणे तिनं शुक्रवारी केले होते.

"बाबा, हे परवाचं आहे!"

"मग? भरलंय म्हणून सांगत होतो, ते काय खोटं?"

रजा टाकून ती त्यांना इस्पितळात घेऊन गेली. तिथं त्यांना फोटोत दिसणारं औषध मिसळलेलं अंडं खायला घालून तासातासानं पोटाचे फोटो काढले. दुपार झाली तरी अंडं जागचं हललं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बोटानं स्वतःच्या मानेवरून पोटापर्यंत रेघ ओढून दाखवली. "मेंदूतून इथवर एक लांब नस येते. आवाज, हृदयाचे ठोके, पोटाचं घुसळणं, सगळ्यांत तिचा हात. गाठ तिला चिकटली होती, काढताना ती दुखावली. आवाज त्यामुळंच बसलाय. आणि जठराला अन्न पुढं ढकलायचा निरोपच पोचत नाही."

"बरी होईल?"

"थोडीफार. पूर्वीसारखी होईल, असं मी म्हणणार नाही."

बाहेर येऊन ती त्यांच्याशेजारी बाकावर टेकली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या हातचं तुम्हाला गोड लागत नाही."

"वेडी आहेस." ते दम खात बोलले. "जेवणाची वेळ झाली की धडकी भरायची मला. तू एवढी दमून करणार आणि मी टाकणार. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?"

तिला रडू आलं नाही. तेवढीही ताकद नव्हती. तिनं फक्त त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

मग घरात मिक्सर फिरू लागला. पातळ, गाळलेलं, थोडं थोडं, दिवसातून कितीदा तरी. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, चालायचं. सासरे गल्लीत फेऱ्या मारत. वजन वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. ओकाऱ्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत.

एका संध्याकाळी ती घरी आली तर सासऱ्यांनी स्वतः गाजराचं सूप करून ठेवलं होतं. ती चप्पल न काढताच खुर्चीत कोसळली. एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालं?"

"समुद्र झालाय, बाबा."

"मग पाणी घाल. मला तसंही पातळच लागतं."

ती उठली नाही. तेच उठले.