अळंब्यांची जागा

माझे सासरे जन्मभर नालबंद. घोड्यांच्या पायांना नाल ठोकले, पण स्वतःचा पाय कधी घरात ठरला नाही. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेलेल्या. अळंब्यांचा हंगाम आला की बाबा रोज सकाळी म्हाताऱ्या घोडीवर बसून निघत आणि दुपारी भरली टोपली घेऊन परतत. कुठून आणल्या विचारलं की एकच उत्तर, "घोडं चरतं तिथं उगवतात." अकरा वर्षांत त्यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही.

टोपली मात्र बघण्यासारखी. देठ सरळ कापलेले, माती पुसलेली, वर ओलं फडकं. घरात साधा कांदा न सोलणाऱ्या माणसाला कुरणात गेल्यावर एवढी टापटीप कशी सुचते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

यंदा ऐन हंगामात ते जिन्यावरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये, आणि चार दिवस खिडकीशी बसून नुसती कुरकुर. अळंब्या कुजतील, जागा वाट बघत असेल.

"जागा कसली वाट बघते, बाबा? सांगा कुठे ते, मी आणते."

"तुला नाही सापडायची."

मग मीही इरेला पेटले. पाचव्या सकाळी घोडीवर बसले आणि लगाम सैल सोडला. घोडीने कुरणात दोन घास खाल्ले, ओढा ओलांडला आणि एका निळ्या फाटकाशी जाऊन थांबली. टाच मारली तरी ढिम्म.

आतून एक विणकर बाई लगबगीने आल्या. साठीच्या असतील, हातात मागाचा धोटा तसाच. आधी घोडीकडे बघून हसल्या, मग वर मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ते कुठे आहेत?"

पाय मोडल्याचं सांगितलं, तशा त्या फाटकालाच टेकल्या.

"चार दिवस दोन कप मांडतेय," म्हणाल्या. "विचारू तरी कुणाला?"

घरामागच्या कुरणात अळंब्याच अळंब्या. त्यांनी सुरीने देठ कापले, माती पुसली, वर ओलं फडकं घातलं. माझ्या अकरा वर्षांच्या हुशारीचं मला हसू आलं.

घरी येऊन टोपली बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांचे कान लाल झाले.

"जागा सापडली," मी म्हटलं. "तुम्ही कसे आहात, विचारत होती."

ते बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले. मग हळूच म्हणाले, "इथवर येईल का ती?"

"म्हणून तर घोडी तिकडे ठेवून मी चालत आले."