निकेलच्या टाकीत तांबं

टाकीत बुडवून काढलेला लोखंडी खिळा रंगाऱ्याने अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. खिळ्यावर तांब्याचा लाल थर चढला होता. ही टाकी तर निकेलची!

मुलामा देणाऱ्या कारखान्यांचा टाकाऊ चिखल या कारखान्यात यायचा. तो अ‍ॅसिडात विरघळवून त्यातलं तांबं आणि निकेल वेगळं काढायचं. तांब्याचं पाणी निळं, निकेलचं हिरवं. अठरा वर्षं नुसत्या नजरेने पाणी ओळखतो म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणायचे, आणि तोही त्या नावावर जरा भाव खायचा. पण गेलं वर्षभर डोळ्यांपुढे पिवळट धुकं होतं. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आज निळं पाणी हिरवं समजून त्याने भलताच नळ सोडला.

गप्प बसला असता तर खापर कुणाच्याही डोक्यावर फुटलं असतं. पण हे निकेल बॅटरीच्या कारखान्यात जायचं होतं. तांबं मिसळलेला माल तिकडे वायाच गेला असता. खरं सांगावं, तर टाकीवरून उचलबांगडी ठरलेली. शेवटी मनाचा हिय्या करून तो केमिस्ट बाईंकडे गेला.

"बाई, निकेलमध्ये तांबं गेलंय. मीच सोडलं. मला... निळं हिरवं दिसलं."

बाईंनी खिळा उलटसुलट करून पाहिला. "कधीपासून दिसतंय असं?"

"वर्ष झालं."

"आणि आम्ही तुमच्या डोळ्यांवर विसंबून! काका, धन्य आहे तुमची." बाई चांगल्याच तापल्या होत्या. मग उठून त्यांनी हातमोजे चढवले. "चला. लोकांनी फेकलेल्या चिखलातून आपण धातू काढतो, स्वतःचा घोळ निस्तरता येऊ नये? थोडा थोडा कॉस्टिक सोडा घालू. तांबं आधी खाली बसेल, निकेल पाण्यातच राहील."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय? मोतीबिंदू असेल, काढून या. टाकी काही पळून जात नाही. तोवर रंग मी बघते, नळ तुम्ही सांभाळा."

रंगाऱ्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. जिना उतरताना त्याला चक्क शीळ घालावीशी वाटली.

दुपारभर तो बाईंना आम्लता मोजणाऱ्या मीटरचे आकडे विचारत थेंबाथेंबाने सोडा घालत राहिला. गाळ तळाशी बसला. बाईंनी वरचं पाणी बाटलीत घेतलं आणि सवयीने त्याच्यापुढे धरलं. "काय म्हणता?"

"मला नाही दिसत, बाई," तो मोठ्याने म्हणाला.

बाई बाटली घेऊन खिडकीशी गेल्या. "हिरवं आहे. स्वच्छ हिरवं."

त्याने मान डोलावली आणि सोड्याचा नळ घट्ट बंद केला.