मास्तरांनी नापसंत केलेली गाडी

मास्तर कुठल्या शाळेचे असं कोणी विचारलं की ते सांगत, "चार चाकांच्या." आयुष्यभर त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असे, आणि त्या ब्रेकमुळेच आसपासच्या बऱ्याच भिंती अजून उभ्या होत्या. निवृत्त झाल्यावर तो ब्रेक गेला, पण सवय काही गेली नाही. दुसरं कोणी गाडी चालवत असलं की शेजारी बसलेल्या मास्तरांचा पाय आपसूक खाली दाबला जाई. घरात यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा चाले.

अशा माणसाला विचारल्याशिवाय घरात नवी गाडी येणं शक्यच नव्हतं. जुन्या गाडीत मास्तर, त्यांची बायको, मुलगा, सून आणि नात अशी पाच माणसं कोंबून बसत. म्हणून मुलाने ऐसपैस, पण खिशाला परवडेल अशी एक सेडान हेरली होती. मुलाची नोकरी फिरतीची, त्यामुळे नातीला शाळेत सोडायचं काम मास्तरांकडेच राहणार होतं. "बाबा हो म्हणाले की घेऊन टाकू," असं मुलगा दौऱ्यावर जाताना सांगून गेला, आणि मास्तर धास्तावले.

कारण गेले काही महिने त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. चष्मा पुसून पुसून झाला, धुकं हटेना. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की हातातली किल्ली जाणार, आणि किल्ली गेली की मास्तर कसले, कोपऱ्यात बसवलेले म्हातारे. त्यापेक्षा गाडीच नापसंत करून टाकावी, असं त्यांनी मनाशी ठरवलं. जुन्या गाडीची निदान हाताला सवय होती.

शोरूममध्ये सून आणि नात सोबत होत्या. सून लग्नाआधी त्यांचीच विद्यार्थिनी. गाडी मागे घेताना खांबाला टेकवते म्हणून मास्तरांनी तिला सराव परीक्षेत तीनदा नापास केलं होतं, आणि ते ती अजून विसरली नव्हती.

मास्तरांनी गाडीभोवती फेरी मारली. दार उघडून लावून पाहिलं.

"पत्रा पातळ आहे. आवाज ऐकलात?"

"काका, या किमतीत एवढी मोठी गाडी दुसरी नाही," विक्रेता म्हणाला.

ते खरंच होतं. मागे तिघं मांडीला मांडी न लावता बसले असते. डिकीत दोन मोठ्या बॅगा गेल्या असत्या आणि वर आजीचं लोणच्याच्या बरण्यांचं खोकं. सून चालवायला बसली, मास्तर तिच्या शेजारी, तेव्हा खड्ड्यांतूनही गाडी शहाण्यासारखी गेली. चढावर मात्र इंजिन कुरकुरलं, आणि गाडी इतकी लांब की गल्लीत वळवताना घाम फुटावा. मास्तरांनी हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. आपल्या विद्येशी ते एरवी कधी खोटं बोलत नसत.

मग ते बोलले. "आरसे धुरकट आहेत. आणि समोरचे वेगाचे आकडे किती फिके! उन्हात काय दिसणार?"

मागे नातीशेजारी बसलेला विक्रेता गोंधळला. "काका, आकड्यांचीच तर सगळे तारीफ करतात."

सुनेने आकड्यांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. गाडी बाजूला घेऊन ती उतरली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही चालवून बघा."

मास्तर चालकाच्या जागेवर बसले. सीट पुढे घेतली, आरसा वळवला, ब्रेकवर पाय ठेवून गाडी सुरू केली. आरशात मागे बसलेली नात होती, म्हणजे असावी. दोन वेण्यांच्या जागी दोन काळसर डाग होते.

"पट्टा लावलास का गं?"

"केव्हाच लावलाय, आजोबा! दिसत नाही का?"

मास्तरांचा हात गियरवरच राहिला. नव्या शिकाऊंना पहिल्या दिवशी ते एकच वाक्य घोकवून घेत: शंका आली की पाय ब्रेकवर, कारणं नंतर. हजारदा शिकवलेलं ते वाक्य आज त्यांच्याच मानगुटीवर बसलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती वाटली. गाडी घेतली की ही पोर रोज याच आरशात असणार होती.

त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही. इंजिन बंद केलं.

"आरशांचं आणि आकड्यांचं मी बोललो ना," ते विक्रेत्याला म्हणाले, "ते विसरा. ते दोष गाडीचे नाहीत." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "मला दिसत नाही गं नीट. बरेच दिवस झाले."

सुनेने दार उघडलं, त्यांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि शेजारच्या जागेवर बसवलं.

"मग गाडी?" तिने विचारलं.

"गाडी पास. घेऊन टाका."

"आणि तुम्ही, आजोबा?" मागून नात म्हणाली.

"मी नापास," मास्तर म्हणाले.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ," सून किल्ली फिरवत म्हणाली. "मला तीनदा परीक्षेला बसवलंत. तुम्ही एकदा तरी पुन्हा बसा की."

तिने आरशात पाहिलं, इशारा दिला आणि गाडी शोरूमकडच्या रस्त्यावर घेतली. पहिल्याच वळणावर समोरून टेम्पो आला. मास्तरांचा पाय सवयीने उचलला गेला. त्यांनी तो सावकाश मागे घेतला आणि हात मांडीवर ठेवले. तोवर सुनेने ब्रेक लावलेला होता.