व्याही पाळण्यात

झरीच्या किशनरावांना कुठलीही वस्तू नुसती डोळ्यांनी बघून पटत नसे. प्लास्टिकची खुर्ची घ्यायची तर आधी तिच्यावर उभं राहायचं, बादली घ्यायची तर ती पालथी घालून वर बसायचं. एकदा दाताच्या डॉक्टरकडं गेले, तर आडवं व्हायच्या आधी त्यांनी डॉक्टरांचीच खुर्ची धरून गदागदा हलवली. डॉक्टर बघतच राहिले, तेव्हा किशनराव म्हणाले, "तुमी माझे दात बघा, मी तुमची खुर्ची बघतो."

अशा माणसाला नात झाली. सून बबिता बाळंतपणाला माहेरी, मानवतला होती. मुलगा हरिओम पुण्याला नोकरीला. त्यानं मोबाइलवर एका लाकडी पाळण्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की हा आज पाळणा, पुढं कठडा काढला की छोटा पलंग, आणि पोरगी मोठी झाली की सोफा. किशनरावांनी तो फोटो उभा धरून बघितला, आडवा धरून बघितला. एकच जनावर दूध देतं, औत ओढतं आणि रात्री दाराशी भुंकतंही, असं कुणी सांगावं तसं त्यांना वाटलं.

"हे तपासल्याबिगर घ्यायचं न्हाई," ते बायकोला, कमलबाईंना म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोघं परभणीला गेले.

बन्सीधरचं फर्निचरचं दुकान बाजारात होतं. सागवानी, असा तीन रूपांचा पाळणा त्याच्याकडं एकच उरला होता. चांगला लांबरुंद, खाली चाकं, चारी बाजूंनी गोल दांड्यांचा कठडा. पुढचा कठडा खाचेतून खाली सरकायचा आणि वर ओढला की खटकन बसायचा.

"एकदा बसला की लेकरू कितीबी हुशार असू द्या, आतून उघडत न्हाई," बन्सीधर म्हणाला.

"वजन किती पेलतो?"

"लेकराचं वजन असतं किती, काका?"

"उद्या ह्याचाच पलंग होणार म्हणतो ना तू. मग पलंगाचं वजन सांग."

बन्सीधर खाली वाकून कुठं आकडा लिहिलाय का बघायला लागला. किशनरावांनी चपला काढल्या, टोपी कमलबाईंच्या हातात दिली आणि धोतर सावरत ते पाळण्यात चढले. कमलबाईंनी त्यांना अडवलं नाही. लग्नाला तीस वर्षं झालेली, कुठं अडवायचं आणि कुठं दुसरीकडं बघायचं हे त्यांना कळत होतं. त्या पडद्यांची कापडं बघायला लागल्या.

किशनराव आत गुडघे पोटाशी घेऊन आडवे झाले. पाळणा कुरकुरला नाही. त्यांनी कूस बदलून बघितली. तरी कुरकुरला नाही. "दमदार हाय," ते आतून म्हणाले. गिऱ्हाईक खूश झालेलं बघून बन्सीधरच्या अंगात उत्साह संचारला, आणि कठडा कसा बसतो हे दाखवायला त्यानं तो वर ओढला.

खटकन आवाज झाला. त्याच्याबरोबर कापड फाटल्यासारखा आणखी एक आवाज झाला.

किशनरावांच्या धोतराचा सोगा खाचेत गेला होता. बन्सीधरनं कठडा खाली दाबला, हलेना. वर ओढला, हलेना. किशनराव उठून बसले आणि उभे राहायला लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ते उभे राहिले तर एकटेच उभे राहणार, धोतर खालीच राहणार. ते पुन्हा खाली बसले.

"पान्यानं खोलतो," बन्सीधर म्हणाला. पण पाना फिटरच्या खिशात होता आणि फिटर जिंतूर रोडला कुणाचं तरी कपाट बसवायला गेला होता. बन्सीधरनं फोन लावला. फिटर म्हणाला, कपाटाचं दार अर्धं लटकलंय, ते हातातून सोडता येत नाही, होईल तेवढ्या लवकर येतो.

"मग मी बसतो," किशनराव म्हणाले. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

एवढ्यात दारात दत्तराव उभे राहिले. मानवतचे दत्तराव म्हणजे बबिताचे वडील, किशनरावांचे व्याही. त्यांच्यामागं त्यांची बायको कासाबाई.

ह्या दोन व्याह्यांचं बोलणं बंद होतं. लग्नाच्या पंगतीत दत्तराव स्वतः जिलेबीचं ताट घेऊन फिरले होते आणि ते ताट किशनरावांसमोरून न थांबता पुढं गेलं होतं. दत्तरावांचं म्हणणं, तुम्ही पानावर हात आडवा धरला होता. किशनरावांचं म्हणणं, मी माशी हाकलत होतो. तेव्हापासून नात झाल्याची बातमीसुद्धा बायकांच्या फोनवरून इकडून तिकडं गेली होती.

दत्तरावांनी पाळण्याकडं बघितलं. पाळण्यात व्याही मांडी घालून बसलेले, दोन्ही हातांत दोन दांडे धरलेले. मग घरंदाज माणूस करतो तेच त्यांनी केलं. काहीच विशेष नाही अशा चेहऱ्यानं हात जोडले.

"राम राम, इवाई."

"राम राम," किशनराव दांड्यांमधून म्हणाले.

"कवा आलाव?"

"झाला थोडा येळ. बसा की."

"न्हाई न्हाई, तुमी बसा."

"मी बसलोच हाय."

कासाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या घाईनं कमलबाईंकडं, पडद्यांच्या मागं गेल्या. तो पडदा नंतर बराच वेळ हलत होता.

बन्सीधरनं चहा मागवला. किशनरावांचा कप दांड्यांमधून आत जाईना, म्हणून वरून दिला. दत्तराव शेजारच्या स्टुलावर टेकले. दोघांनी फुंकर मारत चहा घेतला. पाऊसपाणी झालं, कापसावरची बोंडअळी झाली. मग दत्तराव म्हणाले, "आमी जरा पाळणा बघायला आलो होतो. नातीला."

"आमी बी त्यासाठीच आलोय."

"पाळणा आजोळचा असतो, इवाई. रीतच हाय ती."

"लेकरू आमच्या घरचं. झोपणार आमच्या घरी."

"बारसं आमच्या दारात हाय."

"मग दुसरा बघा. ह्याच्यात मी बसलोय."

"तुमी बसलाव म्हणून तुमचा होत न्हाई. एसटीतबी माणूस बसतो."

रागानं उभं राहून दुकानातून तडक निघून जावं, असा तो क्षण होता. त्यांनी तसा प्रयत्नही केला. अर्धे उठले, धोतर ताणलं गेलं, पुन्हा टर्र झालं, आणि ते होते तिथं बसले. कान लालबुंद झाले. त्यांनी मान खाली घातली.

दत्तरावांचं लक्ष आता कुठं खाचेत अडकलेल्या सोग्याकडं गेलं. इतका वेळ त्यांना वाटत होतं की किशनराव आपल्या मर्जीनंच बसलेत. किशनरावांचा स्वभाव बघता तसं वाटण्यात काही चूक नव्हती.

"अडकलाव का काय तुमी?" ते हळूच म्हणाले.

"थोडं."

दत्तराव उठले. त्यांनी डोक्यावरचा पिवळा फेटा उतरवला आणि उलगडायला लागले. फेटा सगळ्या दुकानभर लांबत गेला. त्याचं एक टोक बन्सीधरच्या हातात देऊन त्यांनी पाळण्यासमोर तो आडवा धरला, लग्नात अंतरपाट धरतात तसा, आणि स्वतः तोंड भिंतीकडं केलं.

"सोडा धोतर. हे गुंडाळा आणि या भाईर."

"तुमच्या डोक्याचा फेटा हाय हा, इवाई. कमरंला कसा गुंडाळू?"

"आता डोकं झाकण्यापरीस कंबर झाकायची जास्त गरज हाय."

बन्सीधरला हसू आवरत नव्हतं, त्यामुळं त्याच्याकडची बाजू थरथरत होती. फेट्याच्या पलीकडं बरीच धडपड झाली, एकदा कुणाचं तरी डोकं लाकडावर आपटलं, आणि मग कठड्यावरून किशनराव बाहेर आले. कमरेपासून घोट्यापर्यंत पिवळेजर्द. दत्तरावांनी वळून त्यांचा हात धरला, खाली उतरवलं, आणि दोघं व्याही समोरासमोर उभे राहिले. एकाचं डोकं उघडं आणि दुसऱ्याच्या कमरेला फेटा.

आधी दत्तराव हसले. मग किशनराव. पडद्यामागच्या दोघींना आता हसू दाबायचं कारण उरलं नाही.

पुढं फिटर आला, त्यानं चार नट ढिले केले आणि धोतर बाहेर काढलं. ते दोन ठिकाणी फाटलं होतं. पाळण्याला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. त्यामुळं तपासणी पुरी झाली, घ्यायचा तर हाच, ह्यावर दोघांचं एकमत होतं. कुणी घ्यायचा हे ठरेना.

शेवटी कमलबाई म्हणाल्या, "पाळणा हाय तवर आजोळचा. पलंग झाला की आमचा."

"आन सोफा?" दत्तराव म्हणाले.

"त्यो ज्याला बसायची हौस जास्त त्याचा," कासाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पदर तोंडाशी नेला.

तसंच ठरलं. पाळणा टेम्पोतून मानवतला गेला. किशनराव झरीला जायचं सोडून टेम्पोतच बसले. पाळणा वाटेत नीट जातो का बघायला, असं त्यांनी सांगितलं.

बारशाच्या दिवशी पाळणा फुलांनी सजवला, नातीला नवी कुंची घालून आत ठेवलं, आणि बायका गाणं म्हणायला उभ्या राहिल्या. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की ह्याला झोका देता येत नाही. पाळणा पलंग होत होता, सोफा होत होता, पण झुलत नव्हता. बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. बबिता म्हणाली, आता कसं.

किशनराव पुढं झाले आणि त्यांनी एक टोक धरलं. दत्तरावांनी दुसरं धरलं. खाली चाकं होतीच. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढून घ्यायचं, अशी पाळण्याची वरात फरशीवर पुढं-मागं सुरू झाली. बायकांनी गाणं धरलं. नातीचं नाव वैष्णवी ठेवलं, आत्यानं तिच्या कानात सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, लोक जेवायला बसले. वैष्णवी केव्हाच झोपून गेली होती. दोघं आजोबा घामाघूम झाले होते, तरी ढकलतच होते, कारण आधी आपण थांबावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.