गच्चीवरून खाली आणलेल्या कुरडया

निधीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या विहीणबाई सुचेताला म्हणाल्या होत्या, "रुखवतातल्या कुरडयांची काळजी करू नका हं. बंगळुराच्या हवेत तुमचं वाळवण कसलं वाळतंय! आमच्याकडे आहेत डबाभर." विहीणबाई पुण्याच्या, त्यामुळे वाक्य मदतीचं होतं आणि लागलं मात्र नेमक्या जागी. लेकीच्या रुखवतात विहिणीच्या कुरडया? सुचेतानं त्याच दिवशी गहू भिजत घातले.

सत्त्याण्णव सालचा मे महिना. कोरमंगलात दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारनंतर आभाळाचा काही नेम नाही, असा कारभार चालला होता. घर भाड्याचं, तळमजल्यावरचं. वर मालकीण शिवलीला अक्का, मूळच्या निपाणीच्या. गच्ची त्यांची, म्हणून आधी त्यांचे संडगे पसरले आणि उरलेला कोपरा सुचेताला मिळाला, तोही मोठं दान दिल्याच्या चेहऱ्यानं. पण कुरडया झाल्या मात्र फुलासारख्या. उद्याच्या गाडीनं पुण्याला निघायचं, आजचं शेवटचं ऊन.

दुपारी सूर्यकांतचा फोन आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मॅनेजर होता. बंगळुरात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, तरी इथला पाऊस तो इथल्यांनाच समजावून सांगे.

"सुचेता, इथं गारा पडतायत, गारा! ढग तुझ्याकडेच निघालाय. सगळं खाली घे!"

"इथं लख्ख ऊन आहे."

"अगं, वारा मला दिसतोय ना!"

नवऱ्याला वारा दिसतोय म्हटल्यावर काय बोलणार? सुचेतानं खेपा घालून सगळ्या कुरडया उतरवल्या आणि हॉलभर चादरींवर पसरल्या. जिन्यात अक्का उभ्या होत्या.

"तुमचे संडगे, अक्का?"

"भिजू देत की ग. माझे गुडघे एकदा वर गेले की खाली यायला मागत नाहीत."

ढग निघाला खरा, पण वाटेत शहराच्या मध्यावर, मार्केट आणि लालबागेवरच मोकळा झाला. कोरमंगलात थेंब नाही. सुचेता निवांत चहा घेत बसली. तेवढ्यात मोरीतून गुळगुळ आवाज आला. तिकडे पडलेलं सगळं पाणी घरामागच्या नाल्यानं इकडे सखलात आणलं होतं. आधी ते मोरीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून आत. कुरडया आधी चादरीवरून उठल्या, मग एकामागून एक वरातीसारख्या दाराकडे निघाल्या. सुचेतानं पातेलं घेऊन पाठलाग केला, पण हाताला लगदाच लागला.

सूर्यकांत चिंब भिजून आला. दारातूनच ओरडला, "आलं ना पाणी? म्हटलं नव्हतं?"

पलंगावर पाय वर घेऊन बसलेली सुचेता म्हणाली, "तुमचा पाऊस घरात झाला. गच्ची कोरडी आहे."

एवढ्यात अक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरल्या. घर भाड्यानं देताना त्यांनी सांगितलं होतं, "पाणी? ते समोरच्यांच्यात येतंय. आपल्यात, छे!" हॉलच्या भिंतींना गुडघ्यापर्यंत निळा ऑइलपेंट होता. पाणी त्याच्या निम्म्यावर पोचलं होतं.

"अक्का," सूर्यकांत भिंतीकडे बघत म्हणाला, "हा निळा पट्टा तुम्ही कशासाठी..."

"शोभेलाच की हो," अक्का म्हणाल्या, पण आवाज पार बसला होता. लगद्याचं पातेलं बघून त्या मागे फिरल्या आणि थेट गच्ची चढल्या. गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. थोड्या वेळानं खाली आल्या त्या डबा घेऊन. आत सगळे संडगे, कडकडीत वाळलेले.

"हे ने रुखवताला."

"अहो, पण हे माझे नव्हेत."

"पाणी तरी तुझं होतं काय?"

सुचेतानं डबा घेतला आणि त्याबरोबर अक्कांनाही लग्नाला घेतलं. नाही म्हणायची त्यांचीही तयारी नव्हतीच.

लग्नात संडगे रुखवतात मिरवले आणि पंगतीत तळून आले. विहीणबाईंनी एक खाल्ला, दुसरा मागितला, तिसरा न मागता घेतला. मग पानावरून पुढे वाकून विचारलं, "सुचेताताई, यात घातलंय तरी काय?"

सुचेताला कुठे माहीत! शेजारच्या पानावर अक्का मान खाली घालून भात कालवत होत्या.

"सोप्पं आहे," सूर्यकांतनं घसा खाकरला. "त्याचं काय आहे..."

"अहो, जिलबी वाढा इकडे!" सुचेता ओरडली.

"वाढा की! जावईबापूंच्या सासऱ्यांना!" अक्का म्हणाल्या.

दोघींनी मिळून इतका आग्रह केला, की पंगत उठेपर्यंत सूर्यकांतचं तोंड काही रिकामं झालं नाही.