शून्यावर ठेवलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे. पण मित्रांनो, छताकडे पाहू नका. मी तळहाताएवढा, काळा, सात पात्यांचा. कॉम्प्युटरच्या डब्यात पुढच्या जाळीमागे माझी जागा होती. बाहेरची हवा आत ओढायची आणि माझ्या पाठीशी बसवलेल्या हार्ड डिस्कवर सोडायची, एवढंच माझं काम.

भिलाईच्या एका सेक्टरमधल्या क्वार्टरात कौस्तुभने मला चार स्क्रूंनी बसवलं. कॉम्प्युटर त्याच्या बहिणीचा, हर्षाचा. ती घरी बसून कोचिंग क्लासच्या धड्यांचे आवाज साफ करून द्यायची. माझा वेग एक सॉफ्टवेअर ठरवायचं. आत उष्णता वाढली की ते मला पळवायचं, गारवा आला की दम खाऊ द्यायचं. मला ते आवडायचं. पोलाद कारखान्याकडून येणारी लालसर धूळ पात्यांवर बसायची. कौस्तुभ दिवाळीला ब्रशने ती झाडायचा आणि म्हणायचा, "ताई, ह्याच्या भरोशावर तुही डिस्क थंड राहून राहिली." ते ऐकून मी जरा जास्तच ताठ फिरायचो.

त्या घरात त्यांची मोठी आई राहायची, भागीरथाबाई. मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. भागीरथाबाईंची माय नागपूरकडून येऊन अहिवाऱ्याजवळ चुनखडीच्या खदानीत दगड फोडायची. तिथल्या बायका काम करता करता गाणी रचायच्या. ती कुठे छापलेली नव्हती. मायकडून भागीरथाबाईंच्या तोंडी आली आणि तिथेच राहिली. एका वर्षी मात्र त्या चहात दोनदा साखर घालू लागल्या, शेजारणीचं नाव विसरू लागल्या. गाणी रेकॉर्ड करायची तर आत्ताच, असं हर्षाने ठरवलं.

भर उन्हाळा होता. पहिल्याच गाण्यात माझी घरघर आली. हर्षाने कौस्तुभला हाक मारली. त्याने पडद्यावर माझ्या वेगाची पट्टी ओढून शून्यावर आणली आणि मी थांबलो.

"देख ताई, आता हा बिलकुल चूप. पण रिकॉर्डिंग झाली का वापस ऑटोवर टाकजो. नाही त अंदर गरमी होईल."

"हो रे, टाकतो ना."

कूलर बंद झाला, छताचा पंखाही बंद झाला. भागीरथाबाई पदराने घाम पुसत मांडी घालून बसल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कावून वो हर्षा, हे डब्बं आज बोलत कावून नाही?"

"तुह्यासाठी चूप केलं, मोठी आई. तुहा आवाज साफ आला पाहिजे."

"बिचारं!" त्या हसल्या आणि गाऊ लागल्या.

मित्रांनो, फिरताना मला माझाच आवाज ऐकू यायचा. त्या दुपारी मी प्रथमच माणसाचं गाणं ऐकलं. रोज थोडं थोडं करत सगळी गाणी झाली. हर्षाने त्यांना मिठी मारली. तिने लगेच कूलर लावला, छताचा पंखा लावला, कारण ती स्वतः घामाने भिजली होती. मला ऑटोवर टाकायचं राहून गेलं.

सॉफ्टवेअर आज्ञाधारक. रोज कॉम्प्युटर सुरू झाला की ते मला शून्यावरच ठेवायचं. हर्षा तासन् तास गाणी साफ करत बसायची. प्रोसेसरला स्वतःचा वेगळा पंखा होता, तो गार राहिला, म्हणून धोक्याची कुठलीही सूचना आली नाही. उलट ती कौस्तुभला कौतुकाने सांगायची, "आता किती शांत चालते!" आणि माझ्या पाठीमागे डिस्क तापत होती. हात लावला तर चटका बसावा इतकी. मला कळत होतं. पण वीज मिळाल्याशिवाय मी एक पातंही हलवू शकत नाही.

एके सकाळी डिस्क टक्‌टक् करू लागली. मग तीही थांबली.

कौस्तुभने डबा उघडला. माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या शून्याकडे. "ताई, ऑटोवर टाकलं नव्हतं?" डिस्क रायपूरला दाखवली, तिथून ती तशीच परत आली. गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. सगळी साफ झाली की करू, असं तिने ठरवलं होतं.

कौस्तुभने नवी डिस्क बसवली आणि मला ऑटोवर टाकलं. पण भागीरथाबाईंना सांगायला हर्षाला बरेच दिवस लागले. अखेर ती त्यांच्या पायाशी बसून रडली. "माह्या हातानं गेलं, मोठी आई."

"रडतं कावून, बाई? मी हाओ ना. पुन्हा म्हणतो." पण तोवर हिवाळा आला होता आणि त्या कधी कधी हर्षालाच विचारत, तू कोणाची?

हर्षाने माईक लावला. मला मात्र फिरू दिलं. गारव्यामुळे मी हळूच फिरत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"चुन्याच्या खदानीत बाई, पांढरी झाली माही वेनी..."

त्या थांबल्या. पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा थांबल्या. "पुढं काय होतं वो?" त्यांनी विचारलं. हर्षाला आठवेना. तिने ती गाणी साफ करताना शंभरदा ऐकली होती, पण तिचं लक्ष शब्दांकडे नव्हतं, खरखरीकडे होतं.

आता मी एका खोक्यात पडून आहे. माझ्या जागी नवा पंखा आला. मित्रांनो, घरात सतत घरघरणारी एखादी गोष्ट अचानक गप्प झाली, तर शांतता झाली म्हणून खूश होऊ नका. उठून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी भिलाईला गेलं, तर हर्षाला पुढची ओळ सांगा. ती अशी आहे:

"बाळ मले वळखेना, म्हने घरी आली कोन पाहुनी."