उणे चाळीसचा दाखला

मी आयुष्यात बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला आणि उसाच्या रसातला. तरी गेली अकरा वर्षं माझं पोट बर्फावर चाललंय. बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रातल्या आमच्या कारखान्यात रबरी पट्टे बनतात आणि ते जातात कॅनडाला. तिथे बर्फावरून धावणाऱ्या स्कूटर असतात, स्नोमोबाइल म्हणतात त्यांना. गावोगावचे हौशी लोक त्यांचे क्लब काढतात, शेतमालकांची परवानगी घेऊन रानातून वाटा आखतात आणि त्या वाटांवरचा बर्फ दाबून सपाट करायला एक मोठं यंत्र ठेवतात. त्या यंत्राच्या चाकांवरून आमचा पट्टा फिरतो. मी इथला क्वालिटी मॅनेजर. पट्टा उणे चाळीस अंशांतही तुटणार नाही, असं कागदावर लिहून खाली सही करायची, हे माझं काम. डिसेंबरात सकाळी दूध आणायला जाताना ज्याला स्वेटर लागतो, तो माणूस ही हमी देतो.

गेल्या फेब्रुवारीत डॉरीनची ईमेल आली. डॉरीन म्हणजे तिकडच्याच एका खेड्यातल्या क्लबची सेक्रेटरी, पंचाहत्तरीच्या पुढची बाई. क्लब बंद होतोय, असं तिने लिहिलं होतं. एके काळी एकशे चाळीस सभासद होते, आता अकरा उरलेत, आणि त्यातल्या चौघांचे गुडघे बदललेले. पूर्वी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ असायचा, आता जानेवारीत पाऊस पडतो. शेतं विकली गेली, नवे मालक वाटेत फाटक घालतात. तरुण पोरं शहरात. यंत्र चालवायला माणूस नाही म्हणून वाटा खडबडीत, आणि वाटा खडबडीत म्हणून उरलेसुरलेही फिरकत नाहीत. मार्चच्या पहिल्या शनिवारी शेवटचं जेवण, मग सभा, मग कुलूप.

त्याच्या खालचा मजकूर मी तीनदा वाचला. ‘चार वर्षांपूर्वी आमचा पट्टा तुटला, तेव्हा आम्ही यंत्रवाल्यांना, दुकानदाराला, सगळ्यांना पत्रं लिहिली होती. सविस्तर उत्तर दिलंत ते फक्त तुम्ही. तीन पानी, आलेखासकट. तुमच्या प्रामाणिकपणाची आठवण आम्ही अजून काढतो. शेवटच्या सभेत व्हिडिओवरून दोन शब्द बोलाल का? एल्मरही येणार आहे. त्या शेडच्या प्रकारानंतर तो खचला. डोकं चालेनासं झालंय असं स्वतःच म्हणतो. गाडी चालवणं त्याने आपण होऊन सोडलं, आणि घराचं कुलूप दिवसातून चार वेळा ओढून बघतो. पण तुमच्यावर त्याचा राग नाही.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिव्यांना निदान उलट उत्तर देता येतं.

आता खरं काय घडलं ते सांगतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही. अर्धं सांगितलं होतं, हसत हसत, आणि ते जास्त वाईट.

आमच्याकडे गारठवणारी एक पेटी आहे, कपाटाएवढी. प्रत्येक खेपेतला एक तुकडा तिच्यात उणे चाळीसला चोवीस तास ठेवायचा आणि मग वाकवून बघायचा. चीर गेली तर सगळी खेप बाद. त्या सप्टेंबरात पेटीचा कॉम्प्रेसर जळला. दुरुस्तीला आठवडा लागणार होता आणि कंटेनर तीन दिवसांनी निघायचा होता. मी डोकं चालवलं. होसकोटेला एक आइस्क्रीमचं शीतगृह आहे, तिथला मॅनेजर ओळखीचा. मंजुनाथला बरोबर घेतलं, रबराचा तुकडा टेम्पोत टाकला आणि निघालो. मंजुनाथ आमचा टेस्टिंगचा माणूस. इथल्याच जुन्या मराठी घरातला, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड.

शीतगृहात शिरलो आणि चार मिनिटांत माझ्या कानांत कळ आली. नाकातले केस टोचायला लागले. आइस्क्रीमच्या खोक्यांमागे आम्ही तुकडा ठेवला. मंजुनाथ मान वर करून भिंतीवरचा आकडा वाचत होता.

“सर, उणे बावीसच आहे की. आपल्याला चाळीस पाहिजे नव्हं?”

“अरे, थंडी ती थंडी,” मी दात वाजवत म्हटलं. “याच्यापुढे रबराला तरी काय कळणार आहे?”

“सरी सर,” तो म्हणाला. सरी म्हणजे कन्नडात बरं. तो नेहमीच सरी म्हणतो.

बाहेर आल्यावर माझ्या चष्म्यावर एवढी वाफ धरली की मी टेम्पो समजून दुसऱ्याच्याच गाडीत बसायला गेलो. दुसऱ्या दिवशी तुकडा वाकवला. चीर नाही. मी दाखल्यावर उणे चाळीस लिहिलं, आधीच्या खेपेचा आलेख जोडला आणि सही ठोकली. उणे बावीस आणि उणे चाळीस यांत आपल्याकडच्या वीस आणि अडतीसएवढा फरक असतो, हे मला, एका इंजिनियरला, त्या दिवशी सुचलं नाही. उलट महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी फराळाला मी चष्म्याची गंमत रंगवून सांगितली. लोक पोट धरून हसले. आकडा तेवढा मी गाळला होता. म्हणजे सुचलं नव्हतं हेही खरं नाही.

जानेवारीत डॉरीनची तक्रार आली. उणे सदतीस असताना, गावापासून अकरा किलोमीटरवर, पट्टा बिस्किटासारखा मोडला होता. त्या वर्षी नीट बर्फ पडलेले जे तीन आठवडे होते, त्यातला तो पहिला. यंत्रावर एल्मर एकटा होता, वय एकाहत्तर. एकोणतीस वर्षं तोच ते यंत्र चालवत होता. तिथे फोन लागत नाही. तो चालत परत आला. डाव्या हाताची दोन बोटं कापावी लागली.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला पत्र वाचता वाचताच कळलं की तो होसकोट्याचाच पट्टा. आणि मी काय केलं? तीन पानं लिहिली. यंत्र ओलं असताना ते ठेवायच्या शेडचं दार उघडं राहिलं, तर पाणी रबराच्या आतल्या धाग्यांत शिरतं, गोठतं आणि पट्टा नेमका असाच मोडतो. तशी शक्यता आपण तपासून पाहावी. ‘शक्यता’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता. पुढेमागे त्याच्या आड लपता आलं असतं. सोबत तोच उसना आलेख जोडला.

एल्मर म्हणाला, दार मी लावलं होतं. कमिटीने त्याच्यापुढे माझा आलेख ठेवला. मग यंत्राची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. हेही मला डॉरीननेच कळवलं होतं, आभाराच्या पत्रात. त्यानंतर ते यंत्र धडपणे कुणी चालवलंच नाही.

त्या आठवड्यात मंजुनाथने विचारलं होतं, “सर, त्या अज्जांचा हात बरा झाला का?”

“आपल्या मालात दोष नव्हता,” मी म्हटलं. त्याने हे विचारलंच नव्हतं.

असो. तर फेब्रुवारीत ईमेल घेऊन मी आमच्या मालकांच्या केबिनमध्ये गेलो. मालक म्हणजे रघुपती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही. मी पहिल्यांदा त्यांना होसकोट्याचं सगळं सांगितलं, आकड्यासकट. ते पेन उघडझाप करत ऐकत होते.

“बिडी सर, सोडून द्या,” ते म्हणाले. “चार वर्षं झाली. क्लबच बंद होतोय. आता खरं सांगून कोणाचं काय भलं होणार? दोन गोड शब्द बोला, नमस्कार करा, झालं.”

मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं. मालकांनीच सांगितलं म्हटल्यावर माझा काय दोष, असं. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, आणि शाळेतल्या पोरासारखा दुसऱ्याचा आडोसा शोधत होतो.

घरी येऊन मी दोन गोड शब्द लिहून काढले. बायकोला, नयनाला, वाचून दाखवले. ‘तुमच्या जिद्दीला सलाम’ वगैरे. एल्मर कोण, हे तिने विचारलं. मग ते सांगणं आलं, आणि मग सगळंच आलं. ती कढीपत्ता निवडत होती. तिचा हात थांबला.

“म्हणजे तुम्ही फराळाला सांगितलेली ती चष्म्याची गोष्ट,” ती म्हणाली, “तीच ही?”

“हो.”

“मी पण हसले होते हो,” ती म्हणाली. “आपल्या प्रांजलीच्या सासूबाईंना फोन करून सांगितली होती मी ती.” आणि पानं तशीच टाकून ती आत गेली. मी काय करावं, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्यावरही ढकलता आलं असतं.

त्यांच्या शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवार सकाळ, साडेसहा. मी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसलो. समोर लाकडी भिंतींची खोली, लांब टेबल, कागदी कप. भिंतीवर जुने फोटो आणि फोटो काढून घेतलेल्या जागी पांढरे चौकोन. दहा-बारा म्हातारी माणसं. डॉरीनने माझी ओळख करून दिली. “हे आमचे बंगळूरचे मित्र, यांनी आपल्याला खरं सांगितलं होतं,” असं म्हणाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टोकाला चौकड्यांचा शर्ट घातलेला एक उंच माणूस होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, टेबलावर उजव्या हाताने थापा मारल्या. डाव्या हातात कप होता. तीन बोटांत धरलेला.

गोड शब्दांचा कागद माझ्यापुढे होता. पहिली ओळ मी वाचली. दुसरी वाचायच्या आधी कागद उलटा ठेवला.

“मी खोटं लिहिलं होतं,” मी म्हणालो. इंग्रजीत हे वाक्य फार छोटं होतं. मग बाकीचं सांगितलं. पेटी जळाली ते, होसकोटे, आइस्क्रीम, उणे बावीस. आलेख दुसऱ्याच खेपेचा होता हेही सांगितलं. “शेडच्या दाराचा काही संबंध नव्हता,” मी म्हणालो. “दाराची गोष्ट मी माझ्या खुर्चीत बसून रचली. मिस्टर एल्मर, तुमची काही चूक नव्हती. मला लाज वाटते. चार वर्षं वाटायला हवी होती, आज वाटतेय.”

तिकडे कुणी हललं नाही. मला वाटलं चित्र अडकलंय. मग डॉरीनने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, एल्मरकडेही नाही. त्याची किल्ली काढून घेणाऱ्या कमिटीत ती होती.

एल्मर कॅमेऱ्याकडे थोडा वाकला. “त्या आइस्क्रीमच्या गोदामात तुम्ही किती वेळ होतात?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, चौकशी होती.

“चार मिनिटं,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. मी वाट बघत होतो. तो ओरडेल, चालता हो म्हणेल, किंवा झालं गेलं गंगेला मिळालं अशा अर्थाचं काही म्हणेल. मनातल्या मनात मी या शेवटच्याचीच तयारी करून बसलो होतो, लाज सोडून सांगतो. माफीची.

पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो शेजारच्या बाईकडे वळला होता. पिकल्या केसांची, ठेंगणी, त्याची बायको असणार. त्याने कप खाली ठेवला.

“म्हणजे दार मी लावलं होतं,” तो तिला म्हणाला.

“हो,” ती म्हणाली.

“मला आठवत होतं. मी लावलं होतं.”

“हो रे,” ती म्हणाली, आणि तिने त्याचा तो तीन बोटांचा हात दोन्ही हातांत घेतला. तो पुन्हा तेच म्हणाला, तिसऱ्यांदा, आता सगळ्यांना, एकेकाकडे बघत. टेबलाभोवतीची ती सगळी म्हातारी माणसं माना खाली घालून ऐकत होती. मग कुणीतरी उठून लॅपटॉप बंद केला. माझा निरोप कुणी घेतला नाही.